धर्मानंद कोसंबी : धम्म शोधत नेपाळ, सिंहल आणि ब्रह्मदेश गाठणारा मराठी माणूस

आपल्या चळवळीतल्या तरुणांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक नवी ओढ दिसते. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून झाले, आता एखादा बौद्ध देश पाहायचा. थायलंड आणि श्रीलंका पुष्कळांनी पाहिले, म्हणून नजर जाते ती फारसे कुणी न गेलेल्या देशांकडे. भूतान, लाओस, कंबोडिया, म्यानमार. तुळजापूर, धाराशिव, सोलापूर भागातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही अशा सहलींच्या जाहिराती फिरतात. पाच-सात दिवस, इतके विहार, इतके स्तूप, राहणे-जेवणे धरून.

या ओढीची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. ज्या समाजाला देवळाच्या पायरीवरसुद्धा उभे राहू दिले गेले नाही, त्या समाजातल्या मुलाला आपला धम्म जिथे राजरोस चालतो असा देश एकदा डोळ्यांनी पाहावासा वाटणे अगदी साहजिक आहे. तुळजापूरसारख्या यात्रेच्या गावात काम करताना हे अधिकच जाणवते. इथले दुकान, लॉज, रिक्षा, फुलवाला सगळे यात्रेवर चालतात. त्या गर्दीतून वाट काढत कॉलेजला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना स्वतःचीही एखादी वाट हवी असते.

ही वाट किती जुनी आहे, हे मात्र आपल्याला फारसे माहीत नसते. सव्वाशे वर्षांपूर्वी याच ओढीने एका मराठी माणसाने घर सोडले होते. तेव्हा सहल नव्हती, विमान नव्हते, त्याच्या खिशात पैसे नव्हते आणि बुद्धाचा धर्म नेमका कुठे जिवंत आहे हे सांगणारा माणूसही जवळ नव्हता. आचार्य धर्मानंद कोसंबी हे त्याचे नाव. आपल्यापैकी अनेकांच्या घरी त्यांचे ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक असते. त्यामागचे आयुष्य फार थोड्यांनी वाचलेले असते.

कोसंबींचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, पण श्रीमंतीचे नव्हे. शाळा थोडीच झाली. तरुणपण नारळाच्या बागेची देखभाल करण्यात गेले. चौदा-पंधराव्या वर्षी लग्न झाले, पत्नीचे नाव बाळाबाई. वाचनाची भूक मोठी आणि पुस्तके मोजकी, अशी अवस्था. तुकारामांचे अभंग त्यांना आवडत. अशात मुंबईहून निघणाऱ्या ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्यांच्या हाती लागला आणि त्या लेखाने त्यांचे आयुष्य फिरले.

इथे जरा थांबावेसे वाटते. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांना कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट आपल्या घराघरात सांगितली जाते. म्हणजे दहा वर्षांच्या अंतराने एका सारस्वत तरुणाला आणि एका महार विद्यार्थ्याला बुद्ध भेटले ते मराठी छापील पानावर. आजूबाजूला ना भिक्षू होता ना विहार.

पण खरेच काही नव्हते का? आपल्याच जिल्ह्यात तेर आहे, प्राचीन तगर. तिथले त्रिविक्रमाचे देऊळ विटांचे, मागची बाजू अर्धगोल, छत गजपृष्ठाकार. मुळात ते बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३च्या वार्षिक अहवालात तेरची माहिती छापली. पुढे तिथल्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेषही निघाले. म्हणजे ज्या काळात कोसंबी धम्माच्या शोधात नेपाळला निघाले, त्याच काळात आपल्या जिल्ह्यातले चैत्य दुसऱ्या देवाच्या नावाने उभे होते आणि त्याची ओळख नुकती कुठे कागदावर येत होती. विटा शिल्लक होत्या. त्या विटांचा अर्थ सांगणारी परंपरा शिल्लक नव्हती. कोसंबींना देश सोडावा लागला तो म्हणून.

१८९९च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक. सिद्धार्थाच्या गृहत्यागाची आठवण काढून या प्रसंगाला तेज चढवायची आपल्याकडे पद्धत आहे. समाजकार्यात रोज टाकलेल्या बायका पाहणाऱ्या मला ते जमत नाही. त्यानंतरची सात वर्षे बाळाबाईंनी नातेवाइकांच्या आधाराने काढली. कोसंबींच्या प्रवासाची किंमत कोसंबींइतकीच त्यांनीही मोजली, आणि त्यांच्या हाताने लिहिलेले ‘निवेदन’ मात्र आपल्याजवळ नाही.

ते पुण्यात आले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. बौद्ध धर्म समजून घ्यायचा तर आधी संस्कृत हवे, असे ठरवून पुढे काशीला गेले. काशीत ते पंडितांकडे शिकले आणि अन्नछत्रात जेवले. जेवणाची ती सोय ब्राह्मण विद्यार्थ्यांसाठी होती. हे सांगायला हवे, कारण प्रवास फक्त जिद्दीवर होत नाही. त्याच वर्षी आपला एखादा आजोबा-पणजोबा तेवढ्याच जिद्दीने काशीला गेला असता तर त्याला पाठशाळेत जागा मिळाली नसती आणि छत्रातला भातही मिळाला नसता. कोसंबींचे कष्ट खरे होते, उपासही खरे होते. पण जातीने उघडे ठेवलेले काही दरवाजे त्यांना मिळाले. त्या दरवाजांतून आत जाऊन त्यांनी जे आणले ते मात्र आपल्यापर्यंत पोहोचले, म्हणून त्यांचा हिशेब आपण नीट मांडावा. आंधळी भक्ती नको आणि जातीकडे बोट दाखवून मोकळे होणेही नको.

काशीतून १९०२च्या सुरुवातीला ते नेपाळला निघाले. आज आपण गोरखपूरला उतरून सोनौलीची सीमा सहज ओलांडतो. तेव्हाचा नेपाळ म्हणजे राणांच्या मुठीतला बंद देश होता. बाहेरच्यांना परवानगीशिवाय प्रवेश नव्हता. हिंदुस्थानातल्या यात्रेकरूंना मोकळीक असायची ती मुख्यतः महाशिवरात्रीच्या पशुपतिनाथ यात्रेच्या दिवसांत. काठमांडूपर्यंत गाडीरस्ताच नव्हता. रक्सौलकडून तराईचे हिवतापाचे जंगल, मग भीमफेदी, चिसापानी, चंद्रागिरीची खिंड, अशी पायी वाट होती. मोटाररस्ता व्हायला पुढे पन्नासहून अधिक वर्षे लागली. लुंबिनीचा अशोकस्तंभ सापडून जेमतेम पाच वर्षे झाली होती. बुद्ध जिथे जन्मला तो देश, हिमालयाच्या कुशीतले ते खोरे, तिथे त्याचा धर्म जुन्या शुद्ध रूपात जपलेला असणार, अशी कल्पना एखाद्या तरुणाने केली तर त्यात नवल नव्हते.

कोसंबींनी नेपाळ पाहिला आणि ते निराश झाले.

ही निराशा नीट समजून घेण्यासारखी आहे. काठमांडूच्या खोऱ्यात स्वयंभू होता, बौद्धनाथचा प्रचंड स्तूप होता, विहारांची नावे लावणारी शेकडो अंगणे होती. नेवार समाजाचा बौद्ध धर्म शतकानुशतके तग धरून होता आणि त्यासाठी त्या समाजाचे श्रेय मोठे आहे. पण भिक्षुसंघ उरला नव्हता. शाक्य आणि वज्राचार्य ही घराणी झाली होती. विहारात राहणारे संसारी होते, पौरोहित्य वंशपरंपरेने चालत होते आणि खुद्द बौद्धांमध्ये उच्च-नीच जाती होत्या. त्यावर १८५४च्या मुलुकी ऐन या कायद्याने साऱ्या देशालाच जातीच्या उतरंडीत बांधून ठेवले होते. राणांच्या राज्यात पुढे १९२६ आणि १९४४ साली बौद्ध भिक्षूंना देशाबाहेर हाकलले गेले, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे स्तूप होते, दिवे लागत होते, प्रार्थनाचक्रे फिरत होती, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायला कोसंबी आले होते त्याचे उत्तर देणारे कुणी त्यांना भेटले नाही.

आपल्या तरुणांनी कोसंबींच्या आयुष्यातले हे पान सर्वांत आधी वाचावे असे मला वाटते. बौद्ध देशात गेल्यावर आपली पहिली अपेक्षा असते की इथे जात नसेल. नेपाळात ती होती. सिंहलद्वीपातही ती होती, आणि तीही संघातच. तिथला सियाम निकाय १७५३मध्ये सयामहून आलेल्या भिक्षूंच्या उपसंपदेने सुरू झाला आणि पुढे तो गोयिगम या वरच्या मानलेल्या शेतकरी जातीपुरता राखला गेला. इतर जातींच्या सामणेरांना उपसंपदा मिळेना, तेव्हा ते समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात अमरापूरला गेले आणि परत येऊन त्यांनी अमरापूर निकाय काढला. आजच्या काळातलेच पाहायचे तर भूतानमधून १९९०च्या दशकात सुमारे १ लाख नेपाळीभाषक लोकांना देशोधडीला लागावे लागले, आणि २०१७मध्ये म्यानमारमधून ७ लाखांहून अधिक रोहिंग्या पळाले. बौद्ध देशात गेले की आपण आपोआप बुद्धाच्या देशात पोहोचतो असे होत नाही. हे माहीत असूनही जावे. फक्त डोळे उघडे ठेवून जावे.

नेपाळहून परतल्यावर दुसरा कुणी घरी गेला असता. कोसंबी बुद्धगयेला आले. महाबोधी विहार तेव्हा शैव महंतांच्या ताब्यात होता आणि अनागारिक धर्मपालांचा त्यासाठीचा लढा सुरू होता. (तो लढा आजही पुरता मिटलेला नाही.) तिथे भेटलेल्या एका भिक्षूकडून त्यांना कळले की धम्म शिकायचा असेल तर सिंहलद्वीपाला जावे लागेल, आणि संस्कृतपेक्षा पाली लागेल. मग कलकत्ता. तिथल्या महाबोधी सोसायटीच्या लोकांनी मदत केली आणि ते दक्षिणेकडे निघाले.

कोलंबोच्या माळिगाकंद भागात विद्योदय परिवेण नावाचे विद्यापीठच म्हणावे असे विद्यालय होते. १८७३ साली हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी ते स्थापले. कोसंबी त्यांच्याकडे पाली शिकू लागले आणि १९०२मध्येच सामणेर झाले. भाषा परकी, लिपी परकी, जेवण परके. गोव्याच्या माणसाला भात आणि नारळ नवे नव्हते, तरी तिथल्या आहाराने प्रकृती बिघडत राहिली. त्रिपिटक तेव्हा देवनागरीत नव्हते. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहलात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी माणसांच्या लिपीत, सयामात सयामी लिपीत, आणि १८८१मध्ये स्थापन झालेली लंडनची पाली टेक्स्ट सोसायटी ती रोमन लिपीत छापत होती. म्हणजे बुद्धाचे मूळ वचन वाचायचे तर मराठी माणसाला आधी परकी बाराखडी गिरवावी लागे. कोसंबींनी ती गिरवली. एक देश, एक लिपी, मग दुसरा देश, दुसरी लिपी.

याच सुमंगल महास्थविरांकडून चार वर्षे आधी, १८९८मध्ये, तमिळनाडूचे पंडित अयोथीदास यांनी कोलंबोला जाऊन पंचशील ग्रहण केले होते. अयोथीदास अस्पृश्य मानल्या गेलेल्या परैयर समाजाचे. परत येऊन त्यांनी मद्रासेत शाक्य बौद्ध संघ उभा केला. आधुनिक काळात बौद्ध देशाची वाट धरून तिथून आपल्या माणसांसाठी धम्म घेऊन येणाऱ्यांत ते फार आधीचे, आणि मराठी बौद्धांना त्यांचे नाव अजूनही पुरेसे ओळखीचे नाही. त्या मद्रासेत कोसंबींचा प्राध्यापक लक्ष्मी नरसू आणि सिंगारवेलू यांच्या बौद्ध मंडळींशी संबंध आला. सिंगारवेलू पुढे कामगार चळवळीत गेले आणि १९२३मध्ये मद्रासच्या किनाऱ्यावर त्यांनी मे दिन साजरा केला. लक्ष्मी नरसूंचा बौद्ध धर्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली बाबासाहेबांनी स्वतः प्रस्तावना लिहून पुन्हा छापवला. सुटे सुटे दिसणारे हे धागे कसे एकमेकांत गुंतले होते ते पाहा.

१९०३मध्ये कोसंबी ब्रह्मदेशाला गेले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच एक प्रांत होता, त्यामुळे पासपोर्ट-परवान्याची भानगड नव्हती. बोटीचे भाडे जमले की रंगून गाठता येई. तिथला शेवटचा राजा थिबा त्या वेळी आपल्या रत्नागिरीत कैदेत होता. कोकणातला तरुण धम्मासाठी ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात! राजा गेला तरी तिथला संघ खचला नव्हता. थिबाच्या वडिलांनी, मिंडोन राजाने, मंडालेत १८७१ साली पाचवी संगीती भरवली होती आणि अख्खे त्रिपिटक संगमरवराच्या ७२९ शिळांवर कोरवून घेतले होते. अशा देशात कोसंबींनी ब्रह्मी लिपीतले पाली ग्रंथ वाचले, सिंहली पाठांशी ताडून पाहिले आणि ध्यानाचा अभ्यास केला. ग्रंथ आणि साधना या दोन्ही गोष्टी त्यांना एकाच ठिकाणी तिथेच सापडल्या.

कोसंबी कुठे किती राहिले, याकडे लक्ष द्या. त्यांनी देश ‘केले’ नाहीत. शिकायला लागेल तितका काळ ते राहिले, मिळाले ते खाल्ले, आजारी पडले, पुन्हा उठले. मध्ये हिंदुस्थानात येऊन कुशीनगर, बुद्धगया अशा ठिकाणीही भिक्षू म्हणून राहिले. बाबासाहेबांचा क्रम वेगळा आहे. १९५०मध्ये ते सिंहलला गेले, १९५४मध्ये दोनदा ब्रह्मदेशात, आणि १९५६च्या नोव्हेंबरात नेपाळला. त्यांनाही पर्यटन करायचे नव्हते. संघ कसा चालतो, उपासक काय करतात, विधी कोणते आहेत, आपल्या लोकांना यातले काय द्यायचे आणि काय नाही, हे पाहायला ते गेले होते. वेळ कमी होता, आजार वाढत होता, तरी गेले.

१९०६मध्ये कोसंबींनी चीवर उतरवले. बंगालात स्वदेशीची लाट होती. कलकत्त्याच्या नव्या नॅशनल कॉलेजात आणि नंतर कलकत्ता विद्यापीठात ते पाली शिकवू लागले. सात वर्षांनी गोव्यात घरी परतले. १९०७मध्ये मुलगा झाला, दामोदर. गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून जग ज्यांना ओळखते ते डी. डी. कोसंबी हेच. कलकत्त्यात नोकरी स्थिर होती. तेव्हा बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एक प्रस्ताव ठेवला. महाराष्ट्रात राहा, वर्षाला एक ग्रंथ लिहा, दरमहा ५० रुपये मिळतील. कोसंबींनी जास्त पगाराची नोकरी सोडून हे ५० रुपये घेतले.

मला विचाराल तर नेपाळ-सिंहलच्या प्रवासापेक्षा हा निर्णय मोठा आहे. परदेशात शिकून आलेला माणूस कुठे आणि कुणाच्या भाषेत बोलतो, यावर त्या शिकण्याचा उपयोग ठरतो. कोसंबींची मातृभाषा कोकणी. पाली त्यांना उत्तम येत होती आणि कलकत्त्याचे विद्वान त्यांना मान देत होते. त्यांनी मराठी निवडली. बडोद्याच्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१०मध्ये आले, पुढे ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘बौद्धसंघाचा परिचय’. हेच सयाजीराव महाराज १९१३मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवतात, हे सांगायची गरज नाही.

हार्वर्डची गोष्ट थोडक्यात. बुद्धघोषाच्या ‘विशुद्धिमार्ग’ ग्रंथाचे संपादन अमेरिकन अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरेन १८९९मध्ये वारल्यामुळे अपुरे राहिले होते. ते पुरे करायला कोसंबींना बोलावले गेले. शाळेत धड न शिकलेला हा माणूस १९१० ते १९३२ या काळात चार वेळा हार्वर्डला गेला. पहिल्याच खेपेला श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२मध्ये ते परतले. मग सहा वर्षे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पाली हा विषय रुजण्यामागे त्यांची धडपड मोठी आहे, आणि पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. जोशी असे विद्यार्थी त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९१८च्या खेपेला त्यांनी माणिक आणि दामोदर या दोघांना शिकायला अमेरिकेला नेले. मुलीलाही नेले, याची नोंद घ्यावी. बाळाबाई इथेच राहिल्या.

राजकारणात ते गांधींच्या बाजूला होते. गुजरात विद्यापीठात शिकवले, १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोड्याला उतरले आणि तुरुंगात गेले. त्याआधी १९२९मध्ये लेनिनग्राडला जाऊन समाजवादी रशियाही पाहून आले होते. १९३७मध्ये परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजन विहार काढला. पैसा जुगलकिशोर बिर्लांचा. हेतू चांगला होता, जागाही योग्य निवडली होती, पण दोनेक वर्षांत कोसंबी तिथून निघाले. माझे मत असे की त्यात नवल काही नाही. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यावर परळच्या चाळींतला माणूस कुठल्या धर्मात जायचे हे बाबासाहेबांच्या तोंडून ऐकायला थांबला होता. बिर्लांच्या पैशाने उभ्या राहिलेल्या विहाराकडे त्याने संशयाने पाहिले असेल तर त्याला दोष देता येत नाही. पाली येणे आणि लोकांचा विश्वास मिळणे या दोन वेगळ्या कमाया आहेत. कोसंबींकडे पहिली भरपूर होती.

तरीही त्यांचे काम बाबासाहेबांच्या कामाशेजारी जाऊन बसले ते पुस्तकातून. १९४०-४१मध्ये ‘भगवान बुद्ध’ दोन भागांत निघाले. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट कोसंबींनी बाजूला ठेवली. सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन त्यांनी शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या शस्त्रे उचलण्यापर्यंत गेलेल्या भांडणाकडे बोट दाखवले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचलेल्या प्रत्येकाला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा आणि शाक्य संघातला तो ठराव आठवेल. ज्यांनी दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचले नाहीत त्यांनी ते जरूर वाचावेत. कोसंबी अभ्यासक म्हणून पुरावा मांडतात आणि थांबतात. बाबासाहेब तो प्रश्न उचलून त्यातून युद्धाला नकार देणारा, बहुमतापुढे एकटा उभा राहणारा सिद्धार्थ घडवतात. पण तो प्रश्न मराठीत विचारला जाण्यासाठी कुणीतरी सुत्तनिपात मूळ पालीत वाचलेला असावा लागतो. तो वाचायची तयारी कोलंबोच्या परिवेणात आणि रंगूनच्या विहारांत झाली होती.

पाच दिवसांची सहल वाईट, असे मी म्हणत नाही. आपल्याकडच्या आयाबायांनी आयुष्यभर मजुरी करून साठवलेल्या पैशांतून बुद्धगया पाहिली आणि त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान मी जवळून पाहिले आहे. पण ज्यांचे शिक्षण झाले आहे, ज्यांना पुणे-मुंबईच्या विद्यापीठांत पाली शिकणे शक्य आहे, त्यांनी भूतानला किंवा लाओसला जाताना निदान तिथल्या एका विहारात आठवडाभर राहण्याची परवानगी मागून पाहावी. भूतान भारतीयांकडून रात्रीला १२०० रुपये शुल्क घेतो, तेव्हा राहणे महाग पडेल. नेपाळला बसने जाता येते. काठमांडूत आज थेरवादी विहारही आहेत आणि नेवारांचे जुने बहालही. कोसंबींना जे दिसले नाही ते आपल्याला दिसू शकते. आणि जाण्याआधी एकदा तेरला जाऊन यावे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात उन्हाच्या दुपारी फारशी गर्दी नसते.

शेवटच्या वर्षांत कोसंबी आजाराने खंगले. शरीर कुणाच्या उपयोगाचे राहिले नाही तर अन्न सोडून ते संपवावे, असे त्यांनी ठरवले. १९४६मध्ये एकदा तसा प्रयत्न केला, गांधींच्या आग्रहाने थांबवला, आणि पुढल्या वर्षी सेवाग्राम आश्रमात पुन्हा सुरू केला. ही जैनांच्या सल्लेखनेची वाट होती. शरीराला क्लेश देण्याचा मार्ग तथागतांनी नाकारला होता आणि पालीच्या इतक्या मोठ्या पंडिताने शेवटी तो धरावा, हे मला पटत नाही. पार्श्वनाथांच्या चातुर्यामावर त्यांनी लिहिलेले पुस्तक त्यांच्या मागे १९४९मध्ये छापले गेले, त्यातून त्यांच्या मनाचा तो कल कळतो. ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामला त्यांचे निधन झाले.

देवनागरीतला ‘विशुद्धिमार्ग’ त्यांनी हयातीतच, १९४०मध्ये, भारतीय विद्या भवनाकडून काढला होता. हार्वर्डचा मात्र रखडत राहिला. तो १९५०मध्ये हार्वर्ड ओरिएंटल सिरीजचा ४१वा खंड म्हणून निघाला, वॉरेन यांच्या नावाखाली कोसंबींचे नाव घेऊन. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस सिंहलमधल्या कँडीला जागतिक बौद्ध परिषद भरली, आणि तिथला धम्म कसा चालतो ते पाहायला बाबासाहेब तिथे पोहोचले.